संग्रहालयातल्या नमुन्यातून प्रथिनं वाचायची तर: लेबलापासून आलेखापर्यंत

स्टॉकहोमच्या निसर्गेतिहास संग्रहालयात हत्तीचा एक गर्भ आहे, स्पिरिटच्या बरणीत जपलेला. आम्स्टरडॅमचे औषधविक्रेते आल्बर्टस सेबा यांच्या संग्रहातून तो स्वीडनच्या राजाकडे गेला. कार्ल लिनियसने १७५८ साली हत्तीला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा आधाराला घेतलेल्या नमुन्यांत हा गर्भ होता. 'एलिफास मॅक्सिमस' म्हणजे आपला आशियाई हत्ती, आणि तो कसा असतो हे ठरवणाऱ्या मूळ पुराव्यांपैकी एक या बरणीत. अडीचशे वर्षांनंतर कोपनहेगनच्या संशोधकांनी त्याच्या ऊतींमधली प्रथिनं मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंची वजनं मोजणाऱ्या यंत्रावर, वाचली, डीएनएचे तुटके तुकडेही जुळवले, आणि २०१३ साली जाहीर झालं की बरणीतला हत्ती आफ्रिकेचा आहे.

मग आशियाई हत्तीचा मूळ नमुना कोणता? शोध फ्लॉरेन्सपर्यंत गेला. इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन रे याने सतराव्या शतकात तिथे एक हत्तीचा सांगाडा पाहून वर्णन लिहिलं होतं आणि लिनियसने रेचा हवाला दिला होता. तो सांगाडा अजून तिथल्या संग्रहालयात आहे. तो हॅन्स्केन नावाच्या सिलोनच्या हत्तिणीचा. युरोपभर तिचे खेळ झाले, १६३७ मध्ये रेम्ब्रांने तिची चित्रं काढली आणि १६५५ मध्ये फ्लॉरेन्समध्ये ती मेली. आज आशियाई हत्तीचं नाव तिच्या हाडांना बांधलेलं आहे.

नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट आधी सांगते, कारण ती निम्मी यंत्रावर आणि निम्मी नोंदवहीत घडली. नमुना कुणी विकला, कुणी पाहिला, कशात बुडवला, हे कागदावर सापडलं म्हणून प्रथिनांच्या अनुक्रमाला अर्थ आला. खाली दिलेली पद्धत मुख्यतः हाडांसाठी आहे. बरणीतल्या नमुन्यांचं वेगळं सांगितलं आहे. रसायनशास्त्राची पदवी, एक साधी प्रयोगशाळा आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर विकत किंवा सहकार्याने मिळणारा वेळ एवढ्यावर हे काम होतं.

प्रथिनं काय सांगतील, काय नाही

हाडाच्या वजनाचा साधारण पाचवा भाग कोलॅजनचा असतो. हे प्रथिन तीन साखळ्यांच्या घट्ट पिळाचं असतं आणि खनिजात रुतून बसलेलं असतं, म्हणून डीएनए विरून गेल्यावरही ते बरंच टिकतं. ट्रिप्सिन नावाचं विकर ते ठरावीक ठिकाणीच कापतं: लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांनंतर. त्यामुळे एका जातीच्या हाडातून नेहमी तेच तुकडे निघतात. या तुकड्यांना पेप्टाइडं म्हणतात. त्यांची वजनं मोजली की आलेखावर प्रत्येक वजनाचं एक शिखर येतं, आणि जातीचा जणू अंगठ्याचा ठसा मिळतो. २००९ च्या सुमारास मायकल बकली, मॅथ्यू कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत रूढ केली. तिला 'झूम्स' (ZooMS, मास स्पेक्ट्रोमेट्रीने हाडांतले प्राणी ओळखणं) म्हणतात.

तिची ताकद पाहायची तर शेळी-मेंढीचं उदाहरण घ्या. आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगीन स्थळांच्या अहवालांत हाडांच्या यादीत 'मेंढी/शेळी' असा जोड रकाना दिसतो, कारण तुकडा लहान असला की अनुभवी डोळ्यालाही दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत. झूम्समध्ये एका पेप्टाइडचं शिखर मेंढीत ३०३३ वर येतं आणि शेळीत ३०९३ वर. साठ एककांचा (डाल्टन, रेणूच्या वजनाचं माप) फरक, आणि वाद मिटतो.

मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. कोलॅजन फार सावकाश बदलतं. कुत्रा आणि लांडगा त्यातून वेगळे होत नाहीत, गुरं आणि बायसनही नाहीत. तुमचा प्रश्न अशा जवळच्या जातींचा असेल तर डीएनएकडे जा आणि हाडाला विनाकारण हात लावू नका. नर की मादी हे कोलॅजन सांगत नाही. दाताच्या एनॅमलमध्ये मात्र अमेलोजेनिन हे प्रथिन असतं, त्याची एक्स आणि वाय गुणसूत्रांवरची रूपं वेगळी असतात, आणि त्यावरून लिंग ओळखता येतं. एनॅमल इतकं टिकाऊ की जॉर्जियातल्या द्मानिसीच्या गेंड्याच्या दातातून १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची प्रथिनं वाचली गेली आहेत.

आधी एका वाक्यात प्रश्न लिहा. 'या पेटीतल्या बारा तुकड्यांत शेळ्या किती?' हा प्रश्न चालतो. 'या हाडांतून काय मिळतंय ते पाहू' यावर कुठल्याही क्युरेटरने हाड देऊ नये, आणि मी क्युरेटर असते तर दिलं नसतं.

नमुन्याचा इतिहास काढा

लोक घाई करतात ती इथे. मीही केली होती.

शिकत असताना एका जुन्या उत्खननाची पेटी मला मिळाली होती. सहा तुकडे घेतले, पंधरा दिवस खपले, आणि सहाही आलेख देखणे आले. उंच, सुटी शिखरं, सगळी गाय-बैलाची. मी आनंदात आलेख घेऊन मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी आलेखाकडे पाहिलंच नाही, चौथ्या तुकड्याचं छायाचित्र मागितलं. पातळ भिंतीचं, आतून पोकळ, हलकं हाड: पक्ष्याच्या पंखाचं. ते गाईचं असणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या संग्रहालयाच्या भांडारात गेले. तिथे तीस वर्षं काम केलेले काका होते. पेटीचा क्रमांक ऐकताच ते म्हणाले, "ताई, ती हाडं फार भुसभुशीत होती. खणल्या खणल्या सगळ्यांना सरस पाजलाय. वहीत लिहिलंय बघा." वहीच्या समासात पेन्सिलीने खरंच लिहिलेलं होतं. सरस म्हणजे गुरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेलं कोलॅजन. पंधरा दिवस मी हाडांना लावलेला सरस वाचत होते.

तेव्हापासून प्रत्येक नमुन्यासाठी मी एक पान लिहिते. कधी आणि कुठे मिळाला, कुणी गोळा केला, कसा साफ केला, कशाने चिकटवला, कशात ठेवला, किडीसाठी काय मारलं, साचा कधी काढला का. लेबल, नोंदवही, उत्खननाची डायरी, जुनी छायाचित्रं आणि भांडारातली माणसं, या सगळ्यांना विचारायचं. उत्तर मिळालं नाही तर रकाना कोरा ठेवायचा. अंदाजाने भरायचा नाही.

सरस असेल तर काय करायचं? कोमट पाण्याने तो बराचसा निघतो, पण हाडाच्या छिद्रांत मुरलेला राहतोच. अशा हाडातून 'गाय' हा निष्कर्ष स्वीकारू नका. सरस डुकराच्या किंवा सशाच्या कातडीचाही असू शकतो, तेव्हा त्या दोन नावांबाबतही तेच. पण सरसात असू शकत नाही अशा प्राण्याची शिखरं दिसली, समजा पक्ष्याची, तर ती हाडाचीच. अतिनील टॉर्चवर लोक फार विसंबतात. लाख त्याखाली केशरी चमकते, ती ओळखू येते. सरस मात्र निळसर पांढरा चमकतो आणि जुनं हाडही तसंच, म्हणून टॉर्चने हा प्रश्न सुटत नाही.

पॅरालॉइड बी-७२ सारखं कृत्रिम राळेचं लेपन असेल तर ॲसिटोनने धुतलं जातं. पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे ओल्या लाकडाला आणि चामड्याला देतात. ते नमुन्यात राहिलं तर आलेखावर ४४-४४ एककांच्या अंतराने शिखरांची माळ उभी राहते आणि पेप्टाइडं तिच्याखाली गाडली जातात. ती माळ एकदा पाहिली की विसरत नाही.

प्राणिशास्त्राच्या संग्रहात सांगाडा कसा स्वच्छ केला हे विचारा. काही ठिकाणी कातडी खाणाऱ्या भुंग्यांकडून साफ करून घेतात, आणि प्रथिनांच्या दृष्टीने ती उत्तम पद्धत आहे. काही ठिकाणी हाडं उकळतात. काही ठिकाणी विकरांची धुण्याची पावडर वापरतात, आणि त्या पावडरीतलं विकर प्रथिनं कापण्यासाठीच घातलेलं असतं. पांढरं शुभ्र करायला हायड्रोजन पेरॉक्साइड लावतात, त्याने काही अमिनो आम्लं ऑक्सिडाइझ होतात. कपाटात चकाकणारा सांगाडा प्रयोगासाठी सगळ्यात वाईट असू शकतो, आणि तळाच्या खोक्यातला तेलकट, पिवळट, वास येणारा तुकडा सगळ्यात चांगला.

पेंढा भरलेल्या प्राण्यांचं आणि पक्ष्यांच्या कातड्यांचं काम करणार असाल तर आर्सेनिक गृहीत धरा. अठराव्या शतकापासून विसाव्या शतकात बराच काळ कातड्यांना आतून आर्सेनिकचा साबण लावत. पिसांच्या मुळाशी, कानाच्या आत, टाक्यांजवळ पांढरी भुकटी दिसली तर थांबा. वनस्पतींच्या जुन्या कागदांवर मर्क्युरिक क्लोराइड असतं. नायट्राइलचे हातमोजे, चांगला मास्क, खाली टाकाऊ कागद, आणि हात धुतल्याशिवाय चहा नाही. संग्रहालयाकडे हातात धरायचं एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्र असेल तर आधी त्याने मोजून घ्या.

परवानगी

क्युरेटरला लिहिताना चार गोष्टी आकड्यांत सांगा: किती नमुने, प्रत्येकातून किती मिलिग्रॅम, कुठल्या जागेवरून, आणि उरलेलं काय व केव्हा परत येईल. आधी ज्या साध्या हाडांवर पद्धत करून पाहिली त्यांचे आलेख जोडा. दुकानातून आणलेलं बोकडाचं हाड त्यासाठी उत्तम. ज्याने बोकडाच्या हाडावर कधी हात बसवला नाही त्याने दुर्मीळ नमुना मागू नये.

कायद्याची बाजू भारतात वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली आहे. वन्य प्राण्याच्या अवशेषांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, जुन्या संग्रहातल्यांनाही. उत्खननातल्या वस्तूंसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची मंजुरी पाहावी लागते, आणि हत्तीसारखी जात असेल तर साइटिसची (संकटातल्या जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रंही. एवढं सगळं करण्यापेक्षा यंत्र देशातच शोधणं सोपं. आयआयटी मुंबईत प्रोटिओमिक्सचं, म्हणजे प्रथिनांच्या अभ्यासाचं, मोठं केंद्र आहे आणि पुण्या-हैदराबादच्या राष्ट्रीय संस्थांतही यंत्रं आहेत. नळी ट्रेनने नेता येते.

मानवी अवशेष असतील तर ज्या समाजाचे ते आहेत त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका, कागदावर परवानगी असली तरी.

घासणं, खरवडणं, कापणं

सगळ्यात कमी इजा करणाऱ्या मार्गाने सुरुवात करा. २०१५ मध्ये यॉर्कच्या सेरा फिडिमेंट आणि सहकाऱ्यांनी मध्ययुगीन चर्मपत्रांवर साधा पीव्हीसीचा खोडरबर घासून त्याच्या चुऱ्यातून कोलॅजन मिळवलं. घासताना तयार होणाऱ्या स्थिर विजेने कोलॅजन रबराला चिकटतं. पानाला कात्री न लावता ते वासराच्या, मेंढीच्या की शेळीच्या कातडीचं हे कळलं. खोडरबर एकाच दिशेने हलका घासायचा, चुरा थेट नळीत झटकायचा, आणि प्रत्येक नमुन्याला रबराचा नवा कापलेला तुकडा घ्यायचा.

याहून साधी गोष्ट म्हणजे नमुन्याची प्लास्टिकची पिशवी. वर्षानुवर्षं पिशवीत हाड घासत राहतं आणि आतल्या बाजूला पुरेसं कोलॅजन चिकटतं. २०१९ साली कॅनडातल्या इरोक्वोई लोकांच्या हाडी टोकांवर असं काम झालं, आणि त्यांतली काही अस्वलाची तर काही माणसाच्या हाडाची निघाली. म्हणून जुनी पिशवी बदलली तर ती फेकू नका, क्रमांक घालून ठेवा. अट इतकीच की त्या पिशवीत आधी दुसरं काही नव्हतं.

खोडरबर निरुपद्रवी असतो असं मात्र समजू नका. हाडाच्या पृष्ठभागावर त्याच्या सूक्ष्म खुणा राहतात, हे नंतर मोजून दाखवलं गेलं. हत्यारावरच्या वापराच्या खुणा अभ्यासायच्या असतील त्या जागी तो लावू नका.

कापायचं ठरलं तर २० ते ३० मिलिग्रॅम पुरतात. तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा. मी डबीत चार दाणे ठेवते आणि क्युरेटरच्या हातावर एक ठेवून सांगते, "एवढंच." आकड्यापेक्षा हे लवकर पटतं. तुकडा आधीच तुटलेल्या कडेचा घ्या. सांधे, मोजमापाच्या जागा, कापल्याच्या खुणा, रोगाच्या गाठी आणि कानाजवळचं दगडासारखं घट्ट हाड यांना हात लावू नका. हे शेवटचं पुढे डीएनएवाल्यांना लागेल. जळून काळं-पांढरं झालेलं हाड घेऊच नका, त्यात कोलॅजन उरलेलं नसतं.

आधी आणि नंतर मोजपट्टीसह छायाचित्रं काढा. लेटेक्सचे हातमोजे टाळा, त्यात रबराच्या झाडाची प्रथिनं असतात. आणि लोकरीचा स्वेटर घालून काम करू नका. मेंढीचं केराटिन (लोकरीतलं प्रथिन) नमुन्यात जातं आणि मग आलेखात नको ती मेंढी डोकावते.

प्रयोगशाळेत: पहिले दोन दिवस

सौम्य रीत आधी. ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट ताजं बनवा: १०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात ०.४ ग्रॅम. नळीत हाडाचा तुकडा, त्यावर १०० मायक्रोलिटर द्रावण, रात्रभर तसंच ठेवून ते द्रावण काढून टाका. यात माती आणि वरची घाण जाते. पुन्हा १०० मायक्रोलिटर घाला आणि ६५ अंशांवर एक तास ठेवा. या उष्णतेने कोलॅजनचा पिळ उलगडतो आणि ते जिलेटिन होऊन द्रावणात उतरतं. घरी पायाच्या सुपाचं जे होतं तेच इथे होतं. आता ५० मायक्रोलिटर नव्या नळीत घ्या. उरलेले ५० लेबल लावून गोठवा.

हाडाचा तुकडा अजून जवळपास होता तसाच आहे. फार जुनं नसलेल्या, चांगल्या जपलेल्या हाडाला एवढं पुरतं आणि तुकडा संग्रहालयाला परत जातो.

आम्लाची रीत

सौम्य रीतीत शिखरं बुटकी आली तर तोच तुकडा आम्लात घाला. ०.६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं: बाजारातलं तीव्र आम्ल ५ मिलिलिटर आणि एकूण आकारमान १०० मिलिलिटर. आधी पाणी, मग त्यात आम्ल. उलट कधीच नाही. २५० मायक्रोलिटर घालून नळी फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा.

आता वाट पाहायची, आणि ही वाट घड्याळावर मोजू नका. पहिल्या तासात बारीक बुडबुडे येतात. दोन-तीन दिवसांनी तुकड्याच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसू लागतात, मधे पांढरा गाभा राहतो. रोज पाहा. गाभा नाहीसा झाला, चिमट्याच्या टोकाने दाबल्यावर तुकडा मऊ रबरासारखा दबून परत वर आला, की झालं. कुणाचं दोन दिवसांत होतं, कुणाचं दहा दिवस घेतं. तुकडा विरघळून नाहीसाच झाला, फक्त तळाशी गाळ उरला, तर कोलॅजन फारसं नव्हतं. वापरलेलं आम्ल तरीही फेकू नका, विरघळलेलं कोलॅजन त्यात असतं आणि ३० किलोडाल्टनच्या गाळणीने ते परत मिळवता येतं.

आपल्या हवामानात हे विशेष लक्षात ठेवा. कोलॅजनला उष्णता मारते. दख्खनच्या तापलेल्या जमिनीतलं तीन हजार वर्षांचं हाड सायबेरियातल्या गुहेतल्या कितीतरी जुन्या हाडापेक्षा रिकामं असू शकतं. नमुने पुष्कळ असतील तर आधी थोड्या चुऱ्यातलं नायट्रोजन मोजून घ्या. ताज्या हाडात ते चार टक्क्यांच्या वर असतं. पाऊण टक्क्याच्या खाली गेलेल्या हाडांवर आम्लाचे दहा दिवस घालवण्यापेक्षा ती परत पेटीत गेलेली बरी.

आम्ल काढल्यावर हाड काळपट असेल तर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने थोडा वेळ धुवा, मातीतली ह्युमिक आम्लं निघतात. मग अमोनियम बायकार्बोनेटने तीनदा धुवा. हे तीन वेळा म्हणजे तीन वेळाच, कारण आम्ल राहिलं तर ट्रिप्सिन काम करत नाही. पीएच कागदावर आठच्या जवळ आला पाहिजे. पुढे वर सांगितलेलं ६५ अंशांचं एक तासाचं चक्र.

ट्रिप्सिन ते यंत्र

५० मायक्रोलिटर द्रावणात ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर तीव्रतेचं १ मायक्रोलिटर ट्रिप्सिन, ३७ अंशांवर रात्रभर. सकाळी ५ टक्के ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्लाचा १ मायक्रोलिटर घालून थांबवा. सी-१८ च्या (पेप्टाइडं धरून ठेवणाऱ्या पदार्थाने भरलेल्या) टिपमधून पेप्टाइडं पकडा, त्याच आम्लाच्या ०.१ टक्के द्रावणाने क्षार धुऊन टाका, ५० टक्के ॲसिटोनायट्राइलमध्ये ती सोडवा. यंत्राच्या पाटीवर १ मायक्रोलिटर नमुना आणि १ मायक्रोलिटर मॅट्रिक्स (यंत्राच्या लेझरची ऊर्जा शोषणारा पदार्थ), प्रत्येक नमुन्याचे तीन ठिपके. ठिपका वाळताना बारीक, एकसारखे स्फटिक दिसले पाहिजेत. चिकट, ओला डाग राहिला तर क्षार किंवा राळ उरली आहे, पुन्हा स्वच्छ करा. यंत्र ८०० ते ४००० वस्तुमानाच्या पट्ट्यात चालवा.

प्रत्येक खेपेला एक कोरी नळी चालवा, हाड सोडून सगळं घातलेली, आणि एक ओळखीच्या हाडाची. कोऱ्या नळीत कोलॅजन दिसलं तर ती सगळी खेप रद्द. यात तडजोड नाही.

बरणीतले नमुने

फॉर्मॅलिन ऊती टिकवण्यासाठी वापरता येतं हे फर्डिनांड ब्लुम याने १८९३ मध्ये दाखवलं. त्याआधी बरणीत गेलेला नमुना मुळात फक्त स्पिरिटचा. स्टॉकहोमच्या गर्भातली प्रथिनं वाचता आली, त्यामागे हेही एक कारण आहे. त्यानंतरच्या बहुतेक बरण्यांवर आज '७० टक्के अल्कोहोल' लिहिलेलं असलं तरी नमुना आधी फॉर्मॅलिनमधून गेलेला असतो, आणि लेबलवर ते क्वचित असतं. गोळा केल्याचं वर्ष म्हणूनच पाहायचं.

फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी पुलांनी बांधून टाकतं, विशेषतः लायसिनच्या जागी, म्हणजे ट्रिप्सिन जिथे कापतं तिथेच. यावरचा उपाय पॅथॉलॉजीवाल्यांकडून आला आहे. मेणातल्या जुन्या ऊतींसाठी ते गरम करून बंध सोडवतात. ऊतीचा मसुराएवढा तुकडा आधी अनेकदा पाणी बदलत धुवा, मग ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) आणि एसडीएसच्या (साबणासारखं रसायन) द्रावणात ९५ अंशांवर तासभर किंवा जास्त ठेवा. एसडीएस मास स्पेक्ट्रोमीटरचा शत्रू आहे, म्हणून प्रथिनं चुंबकीय मण्यांवर पकडून ते धुऊन काढावं लागतं, त्यानंतर ट्रिप्सिन. इथे शिखरांचा ठसा पुरत नाही. पेप्टाइडांचा क्रम वाचणारं यंत्र लागतं आणि संगणकावर शोध घेताना फॉर्मॅलिनमुळे झालेली ३० आणि १२ एककांची वाढ धरावी लागते. फॉर्मॅलिन निष्प्रभ न करता भरलेल्या बरण्यांत ते हळूहळू आम्ल होतं आणि हाडं आतून विरघळतात, तेव्हा अशा नमुन्याच्या सांगाड्यावर आशा ठेवू नका.

आलेख वाचताना

आधी ओळखीचा कचरा बाजूला काढा. ८४२.५ आणि २२११.१ ही शिखरं डुकराच्या ट्रिप्सिनची स्वतःची. ती दिसणं चांगलं, यंत्राचं माप जुळवायला उपयोगी पडतात. मग १६ एककांच्या अंतरावरच्या जोड्या शोधा: ३०१७ आणि ३०३३, किंवा ३०७७ आणि ३०९३. प्रोलिनवर ऑक्सिजनचा एक अणू लागला की सोळा वाढतात, आणि कोलॅजनमध्ये हे सर्रास होतं. जोडी दिसली तर विश्वास वाढतो. ग्लुटामिनचं अमोनिया गेल्याने जवळपास एक एकक वाढतं. जुन्या नमुन्यात हे जास्त दिसायला हवं. शतकानुशतकं जुनं हाड आणि अजिबात बदल नाही, असं दिसलं तर नुकत्याच झालेल्या भेसळीचा संशय घ्या.

एका शिखरावर जात ठरवू नका. ओळखीच्या जातींच्या शिखरांच्या यादीतली जास्तीत जास्त खुणेची शिखरं जुळली पाहिजेत, आणि जुळली नाहीत तर 'शेळीवर्गीय, पुढे सांगता येत नाही' असंच लिहा. क्रम वाचणाऱ्या यंत्रावर काम करत असाल तर शोध नेहमी प्रथिनांच्या अनुक्रमांच्या मोठ्या संग्रहात घ्या. संगणकाला फक्त हत्तीची प्रथिनं दिली तर तो हत्तीच शोधून देईल. चुकीच्या जुळण्यांना एक टक्क्याची मर्यादा, किमान दोन स्वतंत्र पेप्टाइडं, आणि ल्यूसिन-आयसोल्यूसिनचं वजन एकच असतं हे ध्यानात.

संदर्भाच्या याद्या सुरुवातीला युरोपातल्या प्राण्यांवर बेतल्या गेल्या. नीलगाय, चिंकारा, चौसिंगा, काळवीट एकाच उत्खननात सापडू शकणाऱ्या आपल्या देशात त्या तशाच वापरल्या तर चूक होते. जातीची खात्री असलेल्या हाडांवरून आधी आपली यादी करावी लागते. १८८३ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहाची किंमत मला इथे कळते. कुठल्या तारखेला, कुठल्या गावाजवळ कुठला प्राणी मिळाला हे लिहिलेलं एक हाड आमच्यासाठी अनोळखी शंभर हाडांहून मोलाचं असतं.

परत देणं

काम संपल्यावर पंधरा दिवसांत क्युरेटरकडे जायच्या गोष्टी: हाडाचा उरलेला तुकडा, गोठवलेल्या अर्काच्या नळ्या, नमुना घेतल्याच्या जागेचं छायाचित्र, आलेखांच्या मूळ फायली आणि निकाल. निकाल आला नसेल तर तेही. 'कोलॅजन नाही' ही नोंद पुढच्या माणसाचा तांदळाचा दाणा वाचवते. मूळ फायली 'प्राइड'सारख्या प्रथिनांच्या माहितीच्या खुल्या ऑनलाइन भांडारात ठेवा आणि तिथला क्रमांक नोंदवहीत स्वतःच्या हाताने, तारखेसह, लिहून या. शाईने लिहा. त्या काकांच्या वहीतली पेन्सिल मला मिळाली तेव्हा अर्धी पुसली गेली होती.